गरम आहे ना?

रजिस्टर एकाच शाईचं दिसणारच ना मॅडम, पेनच एक आहे – दोन होती, त्यातलं एक तुमच्या आधीच्या साहेबांनी सही करून खिशाला लावलं आणि गेले, आता सरकारी खिशातून पेन परत मागायची कुणाची हिंमत – म्हणून एकच शाई. आणि अक्षर एकच, कारण लिहितो मी एकटा. बाकीचे पाच जण आहेत पाळीला, पण त्यांचं अक्षर बघाल तर म्हणाल कागदावरून कोंबडी चालून गेली. तुम्ही बसा ना – नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिथे मांजर आहे, माझ्या कोटाखाली, दिसत नाही ती – इकडे या, बाकावर. कँटीनमधलं आहे, एकच उरलंय. गार वाटतंय? ती वरची काच फुटलीय, म्हणून. मफलर राहू द्या गळ्यात, इथे सगळे तसेच बसतात. आणि फोन वाजला तर दचकू नका, जुना आहे, ठणाणा करतो – मुलीचा असेल. ती रोजच करते म्हणा, पण आज करणारच आहे.

हां, तर दाखला. दर आठवड्याला एक – ‘भट्टी गरम स्थितीत आहे’ – खाली माझी सही, त्याखाली तुमची. आधीचे साहेब पहिल्यांदा आले, नंतर फोनवरच विचारायचे, गरम आहे ना, मी म्हणायचो गरम आहे, की झालं, सही-शिक्का. तुम्ही बदलून आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात स्वतः आलात, चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही – फक्त एवढा दोन तासांचा प्रवास कशाला, धूर तर तुम्हाला पुलावरूनच दिसला असेल. दिसला ना? मग झालं तर. धूर आहे तिथे आग आहे, शाळेत शिकवतात हे.

तुम्ही नवीन, म्हणून सांगतो, भट्टी म्हणजे ट्यूबलाइट नव्हे, बटण दाबलं बंद, दाबलं चालू. तिच्या पोटात लोखंड पाण्यासारखं पातळ असतं, आणि ते पातळ आहे तोवर ती जिवंत. रोज थोडा वारा द्यायचा, थोडा कोक द्यायचा – कोक म्हणजे भाजलेला दगडी कोळसा – की ती नुसती धुमसत बसते महिनोन् महिने, आणि कारखाना विकत घेणारा कुणी आला की उठवायची. पण एकदा का लोखंड तळात गोठलं – आम्ही म्हणतो तळ बसला – की संपलं. मग ती भट्टी नाही, दहा मजली धोंडा आहे, सुरुंग लावा नाहीतर भंगारवाल्याला बोलवा. हे आम्ही मंत्र्यांनाही सांगितलं होतं. कंपनीने टाळं लावलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आले ना ते – वरातीमागून घोडं, पण आले – डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्यावर दुकानाचं लेबल तसंच, खाली सगळी वस्ती उभी, आणि म्हणाले, ही भट्टी मी विझू देणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. मग योजना आली, समिती आली, तुमचा तो कक्ष आला – कोक सरकार देणार, घेणारा सरकार शोधणार, आणि भट्टी गरम आहे तोवर चौदाशे माणसांना घरबसल्या अर्धा पगार. गरम आहे तोवर. तेव्हापासून या गावात कुणी कुणाला कसं काय म्हणून विचारत नाही, मॅडम. दूधवाला दारात येतो, म्हणतो, गरम आहे ना? आपण म्हणायचं, गरम आहे. दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावायच्या आधी विचारतो, गरम आहे ना? एकदा न्हाव्याकडे मी दाढीचं पाणी विचारलं, गरम आहे का, तर न्हावी आणि बाकावर बसलेले चौघे, सगळे एका सुरात म्हणाले, आहे, आहे. आम्ही काय हसलो होतो तेव्हा. तेव्हा ती होतीही – म्हणजे तेव्हा हसायला यायचं, असं म्हणतोय मी.

वर्गही काढले तुमच्या लोकांनी, नाकारत कोण आहे. मोबाइल दुरुस्ती, सहा आठवडे, शेवटी प्रमाणपत्र. मला पहिल्या दिवशी एक स्क्रू दिला, तो या बोटात धरला तर मलाच सापडेना, मास्तर म्हणाला पडला, सगळे टेबलाखाली शोधतायत, आणि तो माझ्या चिमटीत होता. हे बघा बोट. तेहतीस वर्षं झाली भट्टीवर, कातडं राहिलंय कुठे, ढोलाचं चामडं झालंय. पण याच हाताची किंमत होती हं इथे. पत्र्याला उघडा तळवा लावून मी सांगायचो आत काय चाललंय, यंत्रातला आकडा नंतर यायचा, तो माझ्याशी जुळला की इंजिनिअर म्हणायचे यंत्र बरोबर आहे. थर्मामीटर म्हणतात मला. गावात माझं खरं नाव विचारलंत तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल, पण थर्मामीटर कुठे राहतो म्हणा, हात धरून आणून सोडतील. कंपनीने जाताना कॉम्प्युटर नेले, मग राहिलं हे रजिस्टर आणि हा हात. त्यामुळे लोक तुमचा दाखला वाचत नाहीत, मॅडम, राग मानू नका – ते मला विचारतात.

माझा जावईसुद्धा मलाच विचारतो. तो पलीकडे रोलिंग मिलमध्ये क्रेनवर होता, सरळ माणूस, बोलायला कमी. त्याला मागच्या सोमवारी पत्र आलं – बंदरावर क्रेन चालवायची, दोन दिवसांच्या अंतरावर, राहायला घर देतायत. एकच जागा. आज पाचच्या आत हो की नाही कळवायचं. दुसरा कुणी असता तर पत्र हातात घेऊन नाचत आला असता, हा आला आणि इथे, तुम्ही बसलात तिथे, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. मामा म्हणतो तो मला. म्हणाला, मामा, रजिस्टरचं नको, हाताचं सांगा, तुमचा हात काय म्हणतो. कारण इथली भट्टी उठणार असेल तर तो जायचा नाही – माझी मुलगी इथल्या शाळेत शिकवते, बायको माझी गुडघ्यांनी बसलेली, तिचं सगळं मुलगीच बघते. मी – काय सांगणार, मी सांगितलं, गरम आहे, थांब. तो उठला, टोपी घातली, गेला. पण मुलगी मास्तरीण ना, एकदा तपासून समाधान होत नाही तिचं. म्हणाली, बाबा, शुक्रवारी परत एकदा हात लावा, मी फोन करते, मग हा नकार कळवेल. आज शुक्रवार.

आता? आता कशाला जाता भट्टीपाशी. तुमच्याकडे हेल्मेट नाही – आहे? बरं, आहे, पण जिना धड नाहीये, तिसऱ्या टप्प्याची पायरी गेलीय, परवाच एकाचा पाय – आणि तिथे बघायचंय काय, बाहेरून पत्राच आहे, कालपर्यंतचा आकडा इथे लिहिलाय की. तुम्हाला बघायचंच असेल तर आधी ते बघा, तिकडे, खिडकीतून, रेल्वेच्या सायडिंगला उभे आहेत ते डबे. दिसतात? कोकचे डबे आहेत, भरलेले. काठोकाठ. बंद भट्टीची – बंद म्हणजे थांबवलेल्या, शब्दात पकडू नका – तिची भूक ती किती, तेवढ्यात वर्ष निघालं असतं. पण ते डबे तिथे अकरा दिवस सीलबंद उभे होते. अकरा दिवस. का? तर तुमच्या योजनेत लिहिलंय की सरकार ‘इंधन’ देईल. आणि मागणीच्या फॉर्मवर कोकच्या पुढे लिहिलं होतं ‘कच्चा माल’. झालं. तुमच्या लेखा विभागाने फाइल परत पाठवली, म्हणाले कच्चा माल योजनेत बसत नाही, खुलासा करा. खुलासा केला, तर म्हणाले नवीन फॉर्म भरा. नवीन फॉर्म भरला, तर ज्यांची सही ते दौऱ्यावर, मंत्र्यांबरोबर, कुठे – तर दुसऱ्या एका बंद कारखान्यात, ती भट्टी विझू देणार नाही म्हणून सांगायला. मी रोज सकाळी फाटकाशी जाऊन सील बघायचो आणि परत यायचो. हातभर अंतरावर जेवण, आणि ताटावर टाळं. सील तोडायचं होतं? तोडायला गेलो होतो मॅडम, कटर घेऊन गेलो होतो, शिपाई उभे केले होते तिथे, आमच्याच गावातली पोरं, त्यातल्या एकाच्या बापाबरोबर मी वीस वर्षं पाळी केली. तो म्हणाला, काका, नका ना. त्याचीही तात्पुरती नोकरी. आलो परत. हे कुणामुळे? त्या एका शब्दामुळे. कुठल्यातरी कारकुनाने पंख्याखाली बसून फॉर्म भरला असणार, ज्याने जन्मात भट्टी बघितली नाही, आणि त्याच्या एका शब्दापायी –

काय? साठा? होता ना, आमच्याकडे आत साठा होता. सहा दिवसांचा. – हो, अकरा दिवस डबे बाहेर, सहा दिवसांचा साठा आत. वजाबाकी तुम्हाला येते हे दिसतंय मला. ओढूनताणून काढले दिवस. जमिनीवरची भुकटी झाडून घातली, वारा कमी केला, सहाचे आठ केले, आठाचे – मुळात अनुभवावर असतं हे, कागदावर नसतं. – घ्या, उठली बाईसाहेब. आली तुमच्याकडे. असू द्या, ढकलू नका तिला, गारठलीय, चावत नाही ती, ऊब बघते फक्त. नऊ वर्षांची आहे. आणि गंमत बघा, कधी कुणाच्या मांडीवर आली नाही हो, भरथंडीत दूध दाखवलं तरी नाही, पत्र्याला पाठ लावून जी झोपायची भट्टीपाशी ती झोपायची, आम्ही म्हणायचो हिला मालक कोण तर भट्टी. हे आता पंधरा दिवसच झाले, कोटात शिरायला लागली –

काही नाही. म्हातारी झालीय.

असं बघू नका माझ्याकडे, मॅडम. मांजराकडेही बघू नका. तुम्हाला कळलं, दिसतंय मला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, माझी आई म्हणायची, आणि मी तर स्वतःच तोंडाने आरवलो. एकोणीस दिवस. एकोणीस दिवस झाले तळ बसून. आम्ही दर दुसऱ्या दिवशी तिच्या पायाशी भोक पाडून थोडं लोखंड बाहेर काढायचो, साचू नये म्हणून – त्या दिवशी पाडलं, सहा जण उभे होतो तोंडावर काचेच्या झापडा लावून, आणि काही आलं नाही. ठिणगी नाही. कोरडी पूड आली, राखाडी. सगळ्यात धाकटा म्हणाला, पहार अजून थोडी आत घालू का, मी म्हटलं घाल, घातली, पहार मोडली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पत्र्याला हात लावला. पत्रा तेव्हा गरमच होता हो, एवढा मोठा देह, एका दिवसात कुठे गार पडतो. खाली तळ मेलेला आणि वर हाताला गरम. मी म्हटलं, गरम आहे. खोटं नव्हतं ते. त्या दिवशी नव्हतं. आणि डबे सोडायची सही आली तिसऱ्या दिवशी, पेढ्यांसारखी हातोहात आणून दिली, फोटोही काढला आमचा.

मग पत्राही गार झाला. धूर? धूर कँटीनचा आहे. म्हणजे कँटीनची बाकं, कपाटं, दोन दारं – चिमणीच्या बुडाशी जाळतो आम्ही, जुनं ग्रीस टाकून, काळा येतो छान. पुलावरून कळत नाही. तुम्ही बसलाय ते शेवटचं, ते पाहुण्यांसाठी ठेवलंय. हसा, हसायला हरकत नाही, पहिल्या दिवशी आम्हीही हसलो होतो, सहा म्हातारे लाकडं फोडतायत आणि खाली गाव बघून म्हणतंय, आज जोरात आहे. पण आमच्या जागी तुम्ही काय केलं असतंत? चौदाशे घरं आहेत. मी गार म्हटलं की पुढच्या आठवड्यापासून चौदाशे घरांत चूल – तुम्हाला माहितीय, तुम्हीच नियम केलाय. मी म्हटलं, एक आठवडा. मग अजून एक. घेणारा येईल, सरकार काहीतरी करेल, नवी भट्टी म्हणा, काहीही म्हणा, बुडत्याला काडी पुरते. आणि आकडे काय, आकडे लिहायला सोपे असतात, काल एवढा होता, आज त्यात दोन कमी, परवा तीन जास्त, सारखे असले तर संशय येतो. तुम्ही शाई बघाल असं वाटलं नव्हतं.

आता सही करा. हो, मी सांगतोय करा. एकच आठवडा, तेवढ्यात तुम्ही तिकडे वर बोला, हळूहळू सांगा, गरमची अट काढून टाकायला लावा, मग गार झाली म्हणून जाहीर करा, माझी कुठेही सही घ्या, तुरुंगात घाला. चूक कुणाची आहे शेवटी? माझी? त्या शब्दाची आहे. त्या कारकुनाला आणा माझ्यासमोर आणि विचारा, कोक म्हणजे काय रे, तू कधी –

तो कसला कागद? – नाही, चष्मा आहे, दिसतंय मला. दाखवा. हा तो फॉर्म? पहिला? हा तुमच्याकडे कसा – फाइलमध्ये होता. अच्छा. म्हणून तुम्ही आल्या आल्या अक्षर विचारलंत.

हो. माझंच आहे. तो ‘च्चा’ मी असाच काढतो, लहानपणापासून, मास्तरांनी छड्या दिल्या तरी सुधारला नाही.

तुमच्या आधीच्या साहेबांनी इथे, या टेबलावर समोर ठेवला होता. म्हणाले, तुम्ही जाणकार, तुम्हीच भरा. मी पेन घेतलं. रकाना होता, प्रकार. मला किती अभिमान वाटला ठाऊक आहे? तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं होतं, हे काय आहे. बाहेरचा कुणीही म्हणेल, कोक, जळतो, इंधन. पण आम्ही त्याला इंधन म्हणत नाही मॅडम, इंधन चुलीत घालतात – कोक खनिजाबरोबर वरून पोटात जातो, थरावर थर, त्याच्यापासूनच लोखंड होतं, आमच्यात नवशिक्याला पहिला धडा तोच, कोकला इंधन म्हणालास तर कानफटात बसेल. मीच दिल्यात तशा. म्हणून मी लिहिलं, कच्चा माल. आणि साहेबांना समजावूनही सांगितलं, ते वा म्हणाले. बरोबर लिहिलं मी. अजूनही सांगतो, बरोबर लिहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ – जगात एवढ्या भट्ट्या विझल्या असतील, पण भट्टीवाल्याने बरोबर शब्द लिहिला म्हणून विझलेली ही एकच असेल. बाकीच्या पाचांना माहीत नाही हे. बायकोला नाही. ते सगळे अजून त्या कारकुनाला शिव्या घालतात, आणि मी त्यांच्यात मिळून घालतो, सगळ्यात मोठ्याने.

जावई बसला होता ना समोर, तेव्हा मी सांगू शकत होतो. पत्रा पार गार होता तेव्हा, मुडद्यासारखा गार, आणि मी त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं, गरम आहे, थांब. चौदाशे घरांसाठी नाही म्हटलं ते. मला भीती वाटली, की गार म्हटलं की तो विचारेल, कशामुळे. – आणि तो एकटाच आहे असं नाही. न्हाव्याचा भाऊ थांबलाय. आमच्या आळीतले तिघे थांबलेत, दुसरीकडून बोलावणं आलेलं असताना. थर्मामीटर म्हणतोय गरम आहे, म्हणून.

वाजला.

वाजू द्या. बारा वेळा वाजतो आणि बंद पडतो. – तुम्ही उचलता का? तुम्ही सरकारी आहात, तुम्ही सांगितलं तर – नाही. बरोबर आहे. राहू द्या, मी घेतो. मांजर धरा जरा.

हॅलो. – हो, मीच. – जेवलीस का? – हां. लावला हात. – ऐक ना पोरी. गार आहे. – नाही, तुला नीट ऐकू आलं. गार. एकोणीस दिवस झाले. – हो, तेव्हाही. तो आला होता तेव्हाही. – रडू नको, मास्तरीण आहेस तू, वर्गातली मुलं बघतायत. त्याला म्हणावं पाचची वाट बघू नको, आत्ता कळव, होकार कळव. – आईचं मी बघतो. – तिथेच आलाय? नाही, त्याला नको देऊ फोन, मला नाही बोलता यायचं. न्हाव्याच्या भावालाही सांग. सगळ्यांना सांग. – का ते संध्याकाळी घरी येऊन सांगतो, तुम्ही दोघं बसा समोर. ठेव आता.

ठेवला.

झालं, मॅडम. आता तुम्हाला काही लपवायचा त्रास नाही, दुपारपर्यंत सगळ्या गावात जाईल. तो दाखला फाडा, दुसरा लिहा, मी सही करतो, आणि वर जाऊन त्या चौदाशे अर्ध्या पगारांचं काय करताय ते बोला, तिथे तरी शब्द नीट निवडा. जिना धड आहे, बघून यायचं असेल तर जा, हात लावून या. मांजर राहू द्या इथेच. दार ओढून घ्या जाताना – आणि पेन ठेवून जा, मॅडम, माझं आहे ते. आजचा आकडा लिहायचा राहिलाय.